उधारीवरची रेघ

प्रिय बाळ,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. होस्टेलमधले पैसे तू घेतलेस, संशय झाडलोट करणाऱ्या मावशींवर गेला, त्यांचं काम सुटलं, आणि तू गप्प बसलास. दर रविवारी देवापुढे कबूल करतोस, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरसही घेतोस, तरी छातीवरचा धोंडा हलत नाही म्हणतोस.

शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गात, ऐकलेली गोष्ट आधी डोक्यातून काढ. देवबाप माणसांच्या पापावर चिडला होता, त्याने निर्दोष मुलाला, येशूला, मारलं, मग तो शांत झाला. मला ती कधीच पटली नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा समेट स्वतःशी करत होता. मग वधस्तंभावर सोसणारा देवापासून वेगळा कसा काढणार?

१९७२च्या दुष्काळात वडील खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या. वाण्याकडे एकशे चाळीस रुपये उधारी झाली होती. एका संध्याकाळी पिशवी धरून मी वडिलांसोबत उभा होतो. वाण्याने वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि आमच्या नावावर रेघ ओढली. मी खूश. वाटेत वडील एवढंच म्हणाले, "त्याचे एकशे चाळीस गेले की रे."

प्रभूच्या प्रार्थनेत "आमची ऋणे आम्हांस सोड" म्हणताना मला ती पेन्सिल दिसते. ऋण सोडलं तरी तोटा कुणीतरी सोसतोच. अँसेल्म नावाच्या धर्मपंडिताने १०९८च्या सुमारास पापाचा विचार ऋण म्हणूनच मांडला: फेडायला हवं माणसाने, फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. त्याचा देव मला जरा मानापमान जपणाऱ्या सरदारासारखा वाटतो; पण ऋणाला वजन असतं, हे त्याने बरोबर ओळखलं.

आता तुझं बघ. या घडीला तुझं ऋण मावशी फेडत आहेत. धोंडा हलत नाही तो त्यामुळे, आणि ते चांगलंच आहे. ज्याच्यावर खोटा आळ आला, ज्याला वेशीबाहेर नेऊन मारलं, तो या प्रकरणात कुणाच्या शेजारी उभा असेल?

पण म्हणून येशूला पैशांसाठी धरून देऊन मग गळफास घेणाऱ्या यहूदासारखं करू नकोस. पस्तावा त्यालाही झाला, चांदीची तीस नाणीही त्याने परत नेली. पण नेली ती याजकांकडे, आणि त्यांनी हात झटकले. येशूला धरलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, कोळशाच्या शेकोटीपाशी प्रभूला तीनदा नाकारलं. पुढे, येशू मेलेल्यांतून उठल्यावर, योहान आपल्या शुभवर्तमानात तिबिर्या सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव दाखवतो, त्यावर मासळी. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. प्रभूने पेत्राला त्याच धुराच्या वासापाशी परत आणलं. आधी न्याहारी दिली, मग तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का?

जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला, तेही प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर. क्षमा विकत घ्यायला मावशींकडे जाऊ नकोस. त्यांनी माफ केलं नाही तर तो त्यांचा हक्क आहे. तिथे वचनं ऐकवू नकोस.

आधी वॉर्डनना लेखी दे, मावशींचं नाव त्यांच्याकडूनच साफ व्हायला हवं. त्यांचा पत्ताही तिथेच मिळेल. बुडालेल्या पगाराचा हिशेब कर. कमी पडले तर मला सांग, उसने देईन, परत घेईन. एकट्याने जाववत नसेल तर शनिवारी नगरहून पहाटेची एसटी धरतो. स्टँडवर ये.

तुझा,
काका