पळायचं आहे, पण पोटाचं काय?

भाऊ, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज अन् जखमा होण्याचा जुनाट आजार) आहे म्हणून पळणं बंद, असं नाही. मी आजार अंगावर असतानाच पळायला शिकलो. फक्त आधी तो शांत होऊ दे अन् डॉक्टरला विचारून घे. संडासात रक्त दिसतंय, ताप आहे, त्या दिवशी बूट घालायचेच नाहीत.

नवीन माणूस चुकतो तो रस्त्यात. मीही चुकलो. हौसेनं पांदणीनं सरळ चार किलोमीटर गेलो, अन् परतताना पोटात कळ आली. दोन्हीकडे गुडघाभर सोयाबीन, आडोसा कुठेच नाही. तेव्हापासून घराभोवतीच अर्ध्या किलोमीटरच्या चकरा मारतो. लोक हसतात, हसू दे.

चहा पळायच्या तासभर आधी घे. त्यानं पोट हलतं, ते घरीच हलू दे. आदल्या रात्री तर्री नको (मला हेच सगळ्यात जड गेलं).

आणखी:

- दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल. वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बस.
- गुडघा दुखला तर मनानं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नको. त्यानं आजार उसळू शकतो.
- बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन (या आजाराचं नेहमीचं औषध) सोडू नको. ही चूक भल्याभल्यांची होते.

दम लवकर लागला तर हिमोग्लोबिन तपास. रक्त जाऊन ते उतरलेलं असू शकतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर, म्हणून पहाटेच उरकायचं. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यात कालव, अंदाजानं ग्लासात नको.

वेग, दहा किलोमीटर वगैरे तीन महिन्यांनी विचार.