अनोळखी लोकांचं टेबल

प्रश्न: ताई, मागे तुम्ही ग्रीक बेटांच्या क्रूझबद्दल लिहिलं होतं. आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये चाललोय, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून, चार दिवस. जेवायला अनोळखी लोकांबरोबर बसवतात म्हणे, यांना ते अजिबात नकोय. दोघांचं वेगळं टेबल मागू का? आणि सॅन्टोरिनीला वेळ पुरतो का?

उत्तर: नका मागू. आम्ही मागितलं होतं, मिळालं नाही, आणि आता वाटतं बरं झालं. पहिल्या रात्री पाचही जण मेन्यूकार्ड असं वाचत होते जसा काही परीक्षेचा पेपरच. समोर नवं लग्न झालेलं जोडपं, आपसात धुसफुसत, आणि माझ्या शेजारी पर्थहून एकट्या आलेल्या सत्तरीच्या बाई. त्यांनी वेटरला ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं तर तो हसायलाच लागला, म्हणे माझी आजी असं बोलते! त्यांचे आजोबा कास्टेलोरिझोचे, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चिकटलेलं एवढंसं बेट, तिथले खूप लोक ऑस्ट्रेलियाला गेले. आमचं जहाज तिथे जाणार नव्हतं, ऱ्होड्स बेटापर्यंतच. ऱ्होड्सला आम्ही सगळे तटबंदीच्या आतलं जुनं शहर बघायला पळालो, या मात्र बंदरावर फेरीच्या वेळापत्रकासमोर उभ्या. बेटाचं सरकारी नाव मेगिस्ती, ते आजोबांच्या तोंडून कधी ऐकलेलंच नाही, त्यामुळे आधी सापडेचना. मग त्या एका ओळीचा फोटो काढला आणि रात्री टेबलावर सगळ्यांना दाखवला. जुन्या शहरातला नाइट्सचा, म्हणजे मध्ययुगीन सरदारांचा, तो प्रसिद्ध रस्ता मला आता धड आठवत नाही, ती ओळ आठवते.

सॅन्टोरिनीला वेळ नाही पुरत, आधीच सांगते. तिथे समुद्र म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड, पाणी प्रचंड खोल, जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी कड्याखाली सोडतात. वर कड्यावरच्या फिरा नावाच्या गावात जायला केबल कार, गाढव नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. चढताना ठीक, उतरताना केबल कारची रांग बघून घाम फुटतो. आमचं ते जोडपं इया नावाच्या दुसऱ्या गावाला सूर्यास्त बघायला गेलं, परतताना रांग टाळून पायऱ्यांनी उतरलं, अंधारात, गाढवांच्या लिदीतून, आणि तिच्या सँडलचा पट्टा तुटलेला. शेवटच्या बोटीला कसेबसे पोचले. टेबलावर आले तेव्हा वास येत होता हो, पण आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या रात्री ते दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. तेव्हा तुम्ही सूर्यास्त फिरालाच बघा, तिथूनही छान दिसतो.

एक मात्र नक्की बघा, वाटेत कुसाडासी असेल तर ते तुर्कस्तान, तिथून परत ग्रीसमध्ये शिरायचं, म्हणजे शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) मल्टिपल एंट्रीचाच हवा.

आणि मिस्टरांना पहिल्या रात्री गप्प बसू दे. आमचेही बसले होते, चौथ्या रात्री वेटर टेबलक्लॉथ काढायला आला तरी उठेनात.