पठारावरचे फोटो

प्रश्न: बहिणीचे नऊवारीतले फोटो मसाई पठारावर काढले. अकरा वाजले होते. डोळ्यांखाली काळ्या सावल्या आल्या. पुन्हा जायचंय. काय करू?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: अकराला ऊन डोक्यावर, दुसरं काय होणार! उजाडताना पोहोचा. सूर्य बहिणीच्या पाठीशी, फोकस डोळ्यावर. ८५ एमएम लेन्स असेल तर एफ २.८ ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं, मागचं धूसर. चेहरा काळवंडतोच, म्हणून उजेड चेहऱ्यावर परतवायला समोरून पांढरं काहीतरी धरा. थर्माकोल नको, माझं एकदा वाऱ्यानं थेट दरीत गेलं! तेव्हापासून वडिलांचं जुनं धोतर नेतो, दोघांनी ताणून धरायचं. पदराला आतून पिन लावा. हिरव्या गवतात हिरवी साडी हरवते, गर्द लाल नेसवा. आणि फुलं तुडवू नका. बहिणीला पायवाटेवरच बसवून कॅमेरा गवताला टेकवा, फुलं आपसूक चौकटीत येतात.