वाचकांचे प्रश्न : 90 ते 270 व्होल्टवर चालणारी सोलेनॉइड कॉइल

प्रश्न : आम्ही ठिबक सिंचनासाठी 230 व्होल्ट एसीचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने चालणारे) बनवतो. शेतात व्होल्टेज कधी 100 पर्यंत उतरतं, तर रात्री 260 च्या पुढे जातं. कमी व्होल्टेजला प्लंजर (कॉइलच्या आत सरकणारा लोखंडी दांडा) उचलत नाही आणि कॉइल जळते. वेढे कमी-जास्त करून 90 ते 270 व्होल्टवर चालणारी एकच कॉइल बांधता येईल का?

उत्तर : साध्या एसी कॉइलने हे साधणार नाही. एसी कॉइलमधलं चुंबकीय फ्लक्स 'दर वेढ्यामागे किती व्होल्ट' यावर ठरतं आणि ओढ फ्लक्सच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज एक तृतीयांश झालं की ओढ एक नवमांश होते. 270 ला गाभा संपृक्त होऊ नये (त्याची चुंबकत्व घेण्याची मर्यादा गाठली जाऊ नये) इतके वेढे घातले, तर 90 ला प्लंजर जागचा हलत नाही. प्लंजर बाहेर राहिला की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा अडसर) कमी राहतं, त्यामुळे प्रवाह आत बसलेल्या स्थितीच्या कित्येक पट वाहत राहतो. तुमच्या कॉइल जळतात त्या यामुळेच.

मार्ग असा : ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावून कॉइल डीसीवर न्या, उचलायला क्षणभर जोरदार प्रवाह द्या आणि प्लंजर बसला की प्रवाह उतरवा. डीसी कॉइलमध्ये अँपिअर-वेढे (प्रवाह गुणिले वेढे, यावर ओढ ठरते) ठरतात ते व्होल्टेज, तारेची जाडी आणि सरासरी वेढ्याची लांबी यांवर. वेढे वाढवले तर अँपिअर-वेढे जवळपास तेवढेच राहतात, फक्त उष्णता घटते. म्हणून आधी गेज, म्हणजे तारेची जाडी, ठरवा.

12 मिमी प्लंजर, 4 मिमी फट, सरासरी वेढा 75 मिमी असं उदाहरण घेऊ. 90 व्होल्टला ब्रिजनंतर सरासरी सुमारे 79 व्होल्ट मिळतात. हिशोब कॉइल तापलेली असतानाचा करा, कारण 20 अंशांवरून 75 अंशांवर जाताना तांब्याचा रोध 22 टक्क्यांच्या आसपास वाढतो. 37 गेजची (0.173 मिमी) तार, 6000 वेढे : थंड रोध 331 ओहम, गरम 403. 79 व्होल्टला गरम कॉइलमधून 0.196 अँपिअर, म्हणजे 1175 अँपिअर-वेढे. कागदावर ही ओढ सुमारे 6 न्यूटन येते; लोखंड आणि बाजूची फट धरून प्रत्यक्षात निम्मीच गृहीत धरा. पाण्याच्या दाबाविरुद्ध एवढी पुरत नसेल, तर जाड तार आणि मोठा बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ) घ्यावा लागेल.

हीच कॉइल 270 ला तशीच चालू ठेवली तर थंड असताना 175 वॅट खाईल. इतक्या लहान बॉबिनला ते झेपणं शक्यच नाही. पण प्लंजर बसल्यावर फट उरते जेमतेम 0.2 मिमी (तेवढी पितळी चकती मुद्दाम ठेवा, नाहीतर उरलेल्या चुंबकत्वाने प्लंजर चिकटून राहतो). तिथे 35 मिलिअँपिअर, म्हणजे 210 अँपिअर-वेढे, कागदावर 70 न्यूटनहून जास्त धरतात. निम्मे गेले तरी भरपूर, आणि उष्णता फक्त अर्धा वॅट.

सर्किटमध्ये मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि प्रवाह मोजून तो स्विच वेगाने चालू-बंद करणारं पीडब्ल्यूएम नियंत्रण घ्या. पहिले 100 मिलिसेकंद प्रवाह 0.25 अँपिअरवर रोखा, म्हणजे 270 ला प्लंजर आदळून सीट (त्याची बसायची जागा) फुटणार नाही. नंतर 35 मिलिअँपिअर. ब्रिजनंतर मोठा कपॅसिटर लावू नका. तो लावला तर सरासरीऐवजी शिखर व्होल्टेज मिळेल आणि वरचा हिशोब बदलेल. फ्रीव्हील डायोड (स्विच बंद असताना कॉइलच्या प्रवाहाला वाट देणारा) यूएफ4007 सारखा जलद हवा. 1एन4007 इथे तापतो. न्यूट्रल तुटला तर 415 व्होल्ट येऊ शकतात, म्हणून मॉसफेट 800 व्होल्टचा आणि व्हॅरिस्टरच्या (जादा व्होल्टेज शोषणाऱ्या भागाच्या) आधी फ्यूज.

एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. व्होल्टेज क्षणभर गळालं आणि प्लंजर पडला, तर धरून ठेवण्याच्या प्रवाहाने तो पुन्हा उचलला जात नाही. नियंत्रणाने पुरवठ्यावर लक्ष ठेवून तो सावरताच पूर्ण झटका पुन्हा द्यायला हवा.

मोजकेच नग करायचे असतील तर हा खटाटोप नको. 24 व्होल्ट डीसीची कॉइल आणि 85 ते 305 व्होल्ट एसीवर चालणारा एसएमपीएस (स्थिर डीसी देणारा तयार वीजपुरवठा) घ्या.

प्रश्न : पंपाच्या 415 व्होल्टच्या स्टार्टरची कॉइल घुं घुं आवाज करते. कॉइल बदलावी का?

उत्तर : आधी गाभ्याच्या टोकावरची तांब्याची शेडिंग रिंग (टोकात बसवलेली बंद कडी) पाहा. 50 हर्ट्झला ओढ सेकंदाला 100 वेळा शून्याकडे जाते. रिंग शाबूत असेल तर तिच्यामुळे ओढ पूर्ण तुटत नाही. रिंगला तडा असेल तर नवी कॉइल लावूनही आवाज जाणार नाही. टोकांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. तिथे कानस मारू नका, तेलही नको. तेलावर धूळ बसते. मग व्होल्टेज मोजा. काँटॅक्टरने (स्टार्टरमधल्या चुंबकी स्विचने) नियत व्होल्टेजच्या 85 टक्क्यांपासून ओढून घेतलं पाहिजे, म्हणजे इथे 353 व्होल्ट. त्याखाली तो ओढेलच असं नाही, तेव्हा कॉइलच्या मालिकेत अंडरव्होल्टेज रिलेचा (व्होल्टेज कमी झालं की सर्किट तोडणाऱ्या रिलेचा) संपर्क घाला.