वाचकांचे प्रश्न : टेबल तरंगतं, तरी फ्रिंजेस का थरथरतात?

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत ऑप्टिकल टेबल (लेसरचे प्रयोग मांडायचं जड, सपाट टेबल) हवेच्या चार आयसोलेटरवर, म्हणजे जमिनीचा कंप अडवणाऱ्या पायांवर आहे. पावसाळा लागला की एक कोपरा हळूहळू बसतो आणि खालून सतत हवा सुटल्याचा आवाज येतो. आयसोलेटरमधला डायफ्रॅम (हवा धरून ठेवणारा लवचिक पडदा) बदलावा का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : डायफ्रॅमला इतक्यात हात लावू नका. नेमकं पावसाळ्यात बिघडणारं टेबल बहुतेक वेळा पाण्यामुळे बिघडतं, आणि ते पाणी कम्प्रेसरमधूनच येतं. २८ अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते. ही हवा ७ बारपर्यंत दाबली की तिचं आकारमान आठवा हिस्सा उरतं. तेवढ्या जागेत त्याच तापमानाला जेमतेम साडेतीन ग्रॅम वाफ मावते. बाकीच्या वीसेक ग्रॅमचं पाणी होतं. टाकी गरम असेल तर त्यातलं बरंचसं टाकीत न पडता पुढे जातं आणि एसीने २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीतल्या नळीत जमतं. तिथून ते लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आयसोलेटरमध्ये हवा भरून-सोडून टेबलाची पातळी राखणाऱ्या झडपेत पोचतं. या व्हॉल्व्हची सीट (तो मिटताना जिथे टेकतो ती कड) फार नाजूक असते. टाकीतल्या गंजाचा एखादा कण किंवा तेलाचा चिकटा बसला तरी ती पूर्ण मिटत नाही.

खात्री करायला हवा बंद करून टेबल सावकाश खाली बसू द्या. व्हॉल्व्हच्या अलीकडचा सगळ्यात खालचा सांधा मोकळा करा, समोर पांढरा कागद धरा आणि हवा दोन-तीन सेकंद हळूच सोडा. ओले ठिपके दिसले तर पाणी, आणि कागद वाळल्यावरही पिवळट डाग राहिला तर तेल. मग व्हॉल्व्ह उघडून साफ करा. कागद कोरडा निघाला तर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आयसोलेटरची हवा व्हॉल्व्हपासून तोडल्यावरही तोच कोपरा बसत असेल, तरच डायफ्रॅमवर संशय घ्यावा.

व्हॉल्व्ह साफ करून काम संपत नाही, पाणी अडवायला हवं. ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि त्यापुढे तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर लावा. हे दोन्ही कम्प्रेसरजवळ नकोत, खोलीत नळी थंड होते त्याच्या पुढे लावा. फिल्टर पाण्याचे थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. दाब ठरवणारा रेग्युलेटर फिल्टरच्या पुढे. टाकीचा ड्रेन पावसाळ्यात रोज उघडा.

एकच टेबल असेल तर आमचं मत नायट्रोजनच्या सिलिंडरच्या बाजूने आहे. १५० बारच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर कोरडा वायू मिळतो आणि गळती नसेल तर टेबलाला फार थोडा लागतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

आवाजाचं आणखी एक कारण तपासा. चार पायांना लेव्हलिंग व्हॉल्व्ह तीनच हवेत. दोन पाय नळीने जोडून एका व्हॉल्व्हवर चालतात. पातळी तीन बिंदूंनी ठरते. चौथा व्हॉल्व्ह लावला की एक जण हवा भरतो, दुसरा सोडतो आणि हे थांबतच नाही.

प्रश्न : टेबल व्यवस्थित तरंगतं, कोपरा दाबून सोडला की जागेवर येतं. तरी मायकल्सन इंटरफेरोमीटरच्या (लेसरचा किरण दोन भुजांत विभागून आरशांवरून परत एकत्र आणणाऱ्या उपकरणाच्या) फ्रिंजेस, म्हणजे प्रकाशाचे उजळ-काळे पट्टे स्थिर राहत नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकमुळे असेल का?
— एक वाचक, रबाळे

उत्तर : ट्रकवर शेवटी या. आधी फ्रिंजेस कशा हलतात ते बघा. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक अख्खी फ्रिंज पुढे जाते. फ्रिंजेस संथपणे वाहत असतील तर तो हवेच्या झोताचा किंवा बदलत्या तापमानाचा परिणाम समजा. दोन्ही भुजांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. वाहणं थांबलं तर एसीची झडप दुसरीकडे वळवा.

फ्रिंजेस थरथरून पुसट होत असतील तर कंप कुठून तरी चढतोय. जाड कागदाची पट्टी घेऊन टेबल आणि पायांची चौकट यांच्यामधल्या फटीतून सगळीकडे फिरवा. जिथे अडेल तिथे टेबल टेकलंय. भिंतीला बोल्ट केलेली फळी टेबलाला लागलेली असते, चिलरची कडक नळी ताणलेली असते, केबलचा जुडगा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ असतो. अशी एक नळीसुद्धा आयसोलेटरला बगल देऊन कंप वर पोचवते. नळ्या-केबल आधी जमिनीवरच्या स्टँडला बांधा आणि तिथून टेबलापर्यंत सैल वळसा ठेवा.

आता ट्रक. जड वाहनांचे हादरे १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० कंपांच्या) आसपास धरले, तर १.५ हर्ट्झ नैसर्गिक वारंवारतेचा, म्हणजे स्वतःहून सेकंदाला दीड वेळा डोलणारा आयसोलेटर त्यांचा सुमारे ४३वा भाग वर जाऊ देतो. डॅम्पिंगमुळे (डोलणं शमवणाऱ्या रोधामुळे) प्रत्यक्षात थोडा जास्त. पण अडवणूक सुरूच होते १.५ च्या १.४ पटीपासून, म्हणजे २.१ हर्ट्झपासून. माणूस चालतो सेकंदाला साधारण दोन पावलं. ती पावलं हे टेबल अडवत नाही, उलट वाढवतं! नोंद घेताना खोलीत कुणी फिरू नये. लेसरचा पंखा किंवा व्हॅक्यूम पंप टेबलावरच असेल तर आयसोलेटरचा काहीच उपयोग नाही. तो जमिनीवर न्या.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर नवं टेबल बसवायचं आहे. पुढे वजन वाढेल म्हणून दुप्पट क्षमतेचे आयसोलेटर घ्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नका. समजा सगळं मिळून ४८० किलो, म्हणजे प्रत्येक पायावर १२०. आयसोलेटरमध्ये हवेवर टेकलेल्या पिस्टनचं क्षेत्रफळ ५० चौ. सेंमी असेल तर दाब सुमारे २.३५ बार लागतो. क्षेत्रफळ दुप्पट केलं की दाब निम्मा होतो, पण आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि तिच्या ताठरपणात वातावरणाचा एक बारही मोजला जातो. त्यामुळे बाकी रचना तीच ठेवली तरी नैसर्गिक वारंवारता सुमारे १४ टक्क्यांनी चढते आणि वरच्या वारंवारतांचा कंप तीसेक टक्के जास्त येतो. आजच्या वजनाच्या सव्वापट-दीडपट क्षमता पुरे. पुरवठ्याचा दाब लागणाऱ्या दाबापेक्षा एक बार जास्त ठेवा.

टेबल स्लॅबच्या मधोमध नको, कॉलमजवळ ठेवा. पाय लांबीच्या दोन्ही टोकांपासून २२ टक्क्यांवर घ्या. तिथे टेबलाचं स्वतःचं वाकणं सगळ्यात कमी असतं. जड उपकरणं उंच रचू नका. गुरुत्वमध्य वर गेला की टेबल डोलायला लागतं, आणि ते डोलणं व्हॉल्व्ह कितीही फिरवले तरी जात नाही.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. घरी होलोग्राम काढायचा आहे, स्वस्तात काय करता येईल?
— एक वाचक, खारघर

उत्तर : दोन फूट बाय दोन फूट, ४० मिमी जाडीचा कडप्पा घ्या, वजन ४० किलोच्या आसपास भरतं, उचलायला दोघं हवेत. खाली स्कूटरची एक ट्यूब आडवी ठेवा. हवा इतकीच भरा की दगड जमिनीला न टेकता उचललेला राहील. टम्म फुगवलेली ट्यूब कंप अडवत नाही. नैसर्गिक वारंवारता ३ ते ५ हर्ट्झ मिळते, म्हणजे ७ हर्ट्झच्या वरचं बरंच थांबतं. पंखा बंद ठेवा, फिल्म बसवल्यावर पाच मिनिटं दूर उभे राहा, आणि एक्स्पोजर मध्यरात्रीनंतर, लोकल बंद असताना घ्या. लेसरच्या किरणात किंवा त्याच्या परावर्तनात डोळा येऊ देऊ नका.