राक्षसी भोपळा: पेरणीची तारीख उलटी मोजा

तुम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहता, अटलांटिक जायंट या राक्षसी भोपळ्याच्या वाणाचं बी मिळालंय, आणि मार्चमध्येच घरात रोप केलं तर भोपळा आणखी मोठा होईल का, असं विचारलंय. नाही होणार. पेरणीला एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा धरा.

या भोपळ्यात आधी फळ धरायची तारीख ठरवायची, पेरणी तिच्यावरून ठरते. तुमच्या जवळच्या सर्कलव्हिल गावचा पम्पकिन शो, जिथे असे भोपळे वजनाला लागतात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो. फळाला 90 ते 100 दिवस हवेत, म्हणजे मागे मोजलं तर जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा येतो. पण मी त्याहून थोडं आधीचं धरीन. फळ खरं फुगतं ते धरल्यानंतर तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात. जोमदार वेलावर तेव्हा दिवसाला 30-40 पौंडसुद्धा चढतात, आणि हे दिवस जुलै-ऑगस्टच्या उबदार रात्रींत पडायला हवेत. सप्टेंबरात रात्री गार झाल्या की वाढ मंदावते. म्हणून 20 जून ते 5 जुलै. बी टोचल्यापासून तिथवर साधारण दोन महिने लागतात.

मार्चचं रोप दोन आठवड्यांतच कुंडीत मावेनासं होतं. मुळं गोल फिरायला लागली की जमिनीत लावल्यावर ते रुसून बसतं. बाहेर माती थंड, मेच्या मध्यापर्यंत रोप गोठवणाऱ्या दहिवराची (फ्रॉस्टची) भीती. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर आळ्यात डांगराचं बी टोचलं की वेल आपोआप मांडवावर चढतो, तो हिशोब इथे लागू पडत नाही. आणि लवकर सुरुवात हेच सगळं असतं, तर 2023 मध्ये 2749 पौंडांचा विक्रम मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगरने केला नसता. तिथला हंगाम तर ओहायोपेक्षाही लहान.

बियांच्या कडा कानशीने हलक्या घासा, टोकाला मात्र हात लावू नका. टोक खाली करून लावा आणि माती 85 फॅरनहाइटच्या आसपास ठेवा. पहिलं खरं पान उलगडलं की रोप बाहेर, छोट्या प्लास्टिकच्या तंबूत. सकाळी चार इंच खोल माती 60 फॅरनहाइटच्या वर हवी. ऊन पडलं की तंबू उघडायचाच, नाहीतर तासाभरात पानं करपतात.

जूनमध्ये रोज संध्याकाळी मुख्य वेलावरच्या मादी कळ्या बघत जा. पाकळ्यांच्या टोकांवर पिवळेपणा दिसला की ती उद्या उमलणार. तिला आणि दोन-तीन नर कळ्यांना रात्री पातळ कापडाने बांधून ठेवा, म्हणजे मधमाश्या दुसऱ्या वेलाचे पराग आणणार नाहीत. सकाळी ऊन चढायच्या आत नर फुलाच्या पाकळ्या खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हळुवार घासा. पारा नव्वदीच्या वर जाणार असेल तर फुलावर सावली करा. उकाड्यात कोवळं फळ पिवळं पडून गळतं.

वेल दहा-बारा फूट होण्याआधी आलेलं फळ कितीही गोंडस दिसलं तरी काढून टाका. एवढ्याशा पानांवर ते पोसलं जात नाही. पुढची दोन-तीन फळं धरू द्या, दोन आठवड्यांनी सगळ्यात वेगाने वाढणारं एकच ठेवा.

बिया दोन असतील तर एक 18 एप्रिलला लावा, दुसरी 28 ला. मे थंड निघाला तर दुसरी कामाला येते.