खेळ-शंका : गाडी थांबवायची कशी?

‘जीटीए ५’ या व्हिडिओ गेमवर ‘एलएसपीडीएफआर’ हे खेळाडूला पोलिस बनवणारं मॉड (मूळ खेळात बदल करणारी जोडणी) टाकून गस्त घालतो. गाडी थांबवली, लायसन्स पाहिलं, दंड केला, संपलं. खरं वाटतच नाही. – एक वाचक, सांगली

दिवे लावायची घाई होते, तिथेच मजा जाते. आधी मागे राहून नंबर तपासा, कंट्रोलला ठिकाण आणि गाडीचं वर्णन कळवा. रस्त्याला रुंद कड दिसली की मगच दिवे आणि ‘शिफ्ट’ची कळ. वळणावर किंवा पुलावर दाबलंत, तर समोरचा नको तिथे थांबतो आणि मागची रहदारी तुमच्यावर येते.

तुमची गाडी १० ते १५ फूट मागे हवी आणि तीनेक फूट डावीकडे सरकवलेली, म्हणजे चालत जाताना तिची आड मिळते. आपल्याकडच्या सवयीने हात नेमका उलट जातो. खेळातल्या अमेरिकेत रहदारी उजव्या बाजूने चालते, धोका डावीकडून येतो. म्हणून हायवेवर उजव्या खिडकीशी जा. जाताना मागच्या सीटवर नजर टाका, मग ड्रायव्हरचे हात बघा.

खेळातलं शहर लॉस सँटोस म्हणजे कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिसच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून, काही अपवाद सोडले तर, चौकशीआधी थांबवण्याचं कारण सांगावं लागतं. तुम्हीही पहिलं वाक्य तेच बोला.

प्रत्येक गाडीची झडती घेतली तर? – पुणे

हे मॉड अडवणार नाही. ‘पोलिस सिम्युलेटर : पट्रोल ऑफिसर्स’ या दुसऱ्या गेममध्ये मात्र विनाकारण झडतीला वर्तणुकीचे गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या निकालानुसार ड्रायव्हरला खाली उतरवता येतं, पण डिकी उघडायला संमती किंवा ठोस कारण लागतं. २०१५च्या निकालानुसार दंडाचं काम उरकल्यावर, वेगळा संशय नसेल तर, नुसतं श्वानपथकासाठी ताटकळत ठेवता येत नाही. तेव्हा कुत्रा बोलवायचाच तर पावती लिहायला घेण्याआधी बोलवा.

दारूचा वास आला की थेट ब्रेथलायझर? – मडगाव

आधी तीन चाचण्या : बोटामागे डोळे फिरवणं, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत ९ पावलं जाऊन तशीच परत, एक पाय सुमारे ६ इंच उचलून ३० सेकंद उभं राहणं. त्या सपाट, कोरड्या जागी घ्या. उतारावर धडधाकट माणूसही डगमगतो. मग यंत्र. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, ट्रक-बसवाल्यांना ०.०४. २१ वर्षांखालच्यांचं लायसन्स ०.०१लाच जातं, म्हणून जन्मतारीख आधी वाचा.